मो. वि.

“बाई, तुमची खुर्ची पुढे नाही, मागे आहे,” शिपायाने कानाशी येऊन सांगितलं. “पुढच्या रांगेला नावांच्या चिठ्ठ्या लावल्यात.”

बाईंनी चिठ्ठ्या पाहिल्या. सात खुर्च्या, सात नावं. आपलं नाव त्यांत नाही हे कळायला चष्मा लागत नव्हता, तरी त्यांनी चष्मा लावून सातही नावं पुन्हा एकदा वाचली. मग “बरंय की, मागून पडदा नीट दिसतो,” अशी शिपायाचीच समजूत घालून त्या शेवटच्या रांगेत खांबाशेजारी जाऊन बसल्या. पर्समध्ये एक घडी घातलेला कागद होता. स्टेजवर बोलावलं तर ऐनवेळी ततपप नको, म्हणून चार ओळी लिहून आणल्या होत्या. चारच ओळी, पण त्यांनी दोन दिवस खाल्ले होते. त्यांतली एक नवऱ्याने सुचवलेली होती आणि जरा जास्तच गोड होती. ती गाळायची असं बाईंनी बसमध्येच ठरवून टाकलं होतं.

आता बाईंना स्टेजवर बोलवावं असं होतं तरी काय? गणित विभागाच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं साहाय्यक. शाळेत गणितात काठावर पास, तेही मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललेल्या. पण विभागात नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगायचंच, “पत्तेवाल्या बाईंना भेटून ये.” नव्या माणसाला वाटायचं, बाई कामाच्या वेळात पत्ते कुटतात. भेटल्यावर कळायचं की हे पत्ते वेगळे.

एकवीस वर्षांपूर्वी विभागाचे तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, एका सकाळी ग्रंथालयात आले आणि म्हणाले, “बाई, जगातलं अर्धं गणित आता इंटरनेटवर जाऊन बसलंय, आणि ते कुठल्या फळीवर आहे हे कुणाला ठाऊक नाही. तुम्ही फळ्या लावा.” बाईंनी फळ्या लावल्या. विभागाच्या संकेतस्थळावर एक पान उघडलं, ‘गणितींसाठी उपयोगी पत्ते’. छापण्याआधीचे लेख कुठे मिळतात, जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं कुणी ठेवली आहेत, संख्यांच्या मालिकांचा कोश, गाठींचे तक्ते, कोण कुणाचा शिष्य ह्याची वंशावळ. प्रत्येक पत्त्याखाली बाईंची एक-दोन ओळींची टीप असे. एका पत्त्याखाली लिहिलं होतं, ‘चिन्ह डोळ्यांपुढे आहे पण नाव आठवत नाही, अशांसाठी. माउसने चिन्ह काढा, हे पान ओळखतं. हात थरथरला तरी चालतो, मी पाहिलं आहे.’ दुसऱ्याखाली, ‘ह्या गृहस्थांना पत्र लिहिलं तर उत्तर येतं, पण दोन आठवड्यांनी. धीर धरावा.’

पत्ते वाढत वाढत सहाशेच्या वर गेले. दर सोमवारी सकाळी बाई एकेक पत्ता स्वतःच्या हाताने उघडून बघत. ह्याला त्या दारं ठोठावणं म्हणत. दार उघडलं तर वहीत टिंब, नाही उघडलं तर फुली, आणि मग ते बिऱ्हाड कुठे हललं ह्याचा तपास. दुपारी चहाला त्या सहज सांगायच्या, “आज तीन गेले,” आणि नवख्या माणसाचा घोट घशातच अडकायचा.

हे सगळं बाईंचं, हे विभागात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण पानावर कुठे लिहिलेलं नव्हतं. मोठे सर म्हणाले होते, “खाली तुमचं नाव घाला.” तेव्हा बाई लाजून म्हणाल्या होत्या, “मी काय सर, पत्तेच लिहिते नुसते.” पुढे पुढे त्यांना वाटू लागलं, तेव्हा आपण लाजलो नसतो तर बरं झालं असतं. पण आपणच नको म्हटलेली गोष्ट आपणच कशी मागायची? आणि म्हणून गेल्या वर्षी धाकटे सर ग्रंथालयात येऊन जे बोलले, ते ऐकून बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

धाकटे सर म्हणजे आताचे विभागप्रमुख. अठरा वर्षांपूर्वी ते आले तेव्हा विद्यार्थी होते, अंगापेक्षा मोठा शर्ट घालायचे आणि बाईंना ताई म्हणायचे. बाई त्यांना ‘अरे’ म्हणत. त्यांचा प्रबंध एका जुन्या लेखावाचून अडला होता. लेख लिहिणारा माणूस वारलेला, लेख कुठे धड छापलेला नाही. बाईंनी शोधत शोधत त्या माणसाच्या मुलीचा पत्ता काढला, तिला अकरा पत्रं लिहिली, आणि बाराव्याऐवजी तिचंच उत्तर आलं, सोबत माळ्यावरच्या ट्रंकेतल्या कागदांचे फोटो. धाकटे सर त्या दिवशी ग्रंथालयात ढसाढसा रडले होते. प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्यांनी छापलं, ‘दार उघडून देणाऱ्या ताईंना’. बाईंना सख्खा भाऊ नव्हता, आणि त्या दिवसानंतर त्यांना ती उणीव फारशी जाणवली नाही.

पुढे ते शिकवायला लागले, तेव्हा बाई आपणहून ‘अरे’वरून ‘अहो सर’वर आल्या. सहा वर्षांपूर्वी मोठे सर गेले. मग हे प्रमुख झाले. आणि गेल्या वर्षी ग्रंथालयाच्या टेबलावर बसून पाय हलवत म्हणाले, “ताई, पान म्हातारं झालंय. नवं बांधू. मोठ्ठं. तुमची वहीपण आत घेऊ. आणि ह्या वेळी तुमचं नाव पहिल्या ओळीत. मोठ्या सरांना नको म्हणालात, मी ऐकणार नाही.”

मग बाईंनी चार महिने वही कॉम्प्युटरवर चढवली. सहाशे चौतीस ओळी. पत्ता, विषय, टीप आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, ज्यात वहीतल्या त्यांच्या खासगी खुणा होत्या तशाच उतरवल्या. खुणांचा अर्थ त्या सांगायला गेल्या तर सर म्हणाले, “सगळं झालं की एकदा दोघं बसू ताई, एकेक ओळ बघू.” बसणं आज होईल, उद्या होईल. ते काही झालं नाही, आणि परवा एकदम कार्यक्रमाची पत्रिका आली.

सभागृहातले दिवे मंद झाले. पडद्यावर निळ्या अक्षरांत आलं, ‘गणितीय संसाधन-सूची’. खाली, ‘संकल्पना, संकलन व संपादन’, आणि त्याखाली धाकट्या सरांचं पूर्ण नाव, पदव्यांसकट. बाई वाट बघत राहिल्या. एखादं नाव दुसऱ्या पडद्यावर येतं कधीकधी. दुसऱ्या पडद्यावर एक आलेख आला.

गणितात संकलन म्हणजे गोळा करणं नव्हे, इंग्रजीत ज्याला इंटिग्रेशन म्हणतात ते असतं, हे बाईंना नोकरीच्या पहिल्या वर्षी कळलं होतं, आणि आपण ‘संकलनाची कोष्टकं’ संकीर्णाच्या फळीवर लावली म्हणून विभाग आठवडाभर हसला होता. पण पडद्यावरचं संकलन हे गोळा करणंच होतं, आणि गोळा कुणी केलं होतं हे ह्या सभागृहात निदान पंधरा जणांना ठाऊक होतं. त्या पंधरांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. बाईंना आधी राग आला नाही. आधी लाज वाटली, जणू आपणच कुणाच्या तरी ताटात हात घातला होता.

सर छान बोलत होते. त्यांना बोलता येतंच. एकेक नोंद पडद्यावर येत होती आणि प्रत्येक नोंदीखाली बाईंची टीप होती, फक्त तिच्यातला मनुष्यपणा काढून टाकलेला. ‘हात थरथरला तरी चालतो’ हे गेलं होतं. ‘धीर धरावा’ गेलं होतं. काही नोंदींपुढे मात्र हिरवी चौकट होती आणि तिच्यात लिहिलं होतं, ‘मोफत, विश्वसनीय’. हे शब्द बाईंचे नव्हते. हे कुठून आलं?

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. पहिल्या रांगेतून एक वयस्क पाहुण्या उठल्या. विद्यापीठांविद्यापीठांत ह्यांच्या नावाची पुस्तकं लागलेली, हे बाईंना माहीत होतं. त्या पुस्तकांना कव्हरं बाईंनीच घातली होती.

“काम मोठं आहे, अभिनंदन,” पाहुण्या म्हणाल्या. “पण एकशे बारावी नोंद परत दाखवाल का? ही संकलनाची कोष्टकं. एका निवृत्त इंजिनिअरांनी स्वतः तयार करून ठेवलेली. तुम्ही ह्यांना विश्वसनीय म्हटलंय. मी ह्या कोष्टकांवर विसंबून एकदा दोन महिने वाया घालवलेत. कुणी तपासलं हे?”

सरांनी पडदा पाहिला, मग पाहुण्यांकडे पाहिलं. “प्रत्येक नोंद आम्ही स्वतंत्र निकष लावून तपासली आहे,” ते म्हणाले. आवाज जराही हलला नाही.

एकशे बारा. बाईंच्या डोळ्यांपुढे वहीतलं ते पान आलं, आणि शेऱ्याच्या रकान्यातली खूणही आली. मो. वि. ही दोन अक्षरं. आणि मग त्यांना कळलं की हिरवी चौकट कुठून आली.

मोठ्या सरांचा एक दंडक होता. कुणाचंही काम चारचौघांत चूक म्हणायचं नाही. “बाई, तो माणूस तिकडे कुठेतरी एकटा बसून वीस वर्षं कोष्टकं करतोय. त्यात चुका आहेत हे मान्य, पण आपण जाहीर फलक लावायचा नाही. ज्याला ते वापरायचंय त्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याला सांगेन कुठे जपायचं ते.” म्हणून अशा पत्त्यांपुढे बाई पानावर चुकांबद्दल काही लिहीत नसत, फक्त वहीत खूण करत. मोठ्यांना विचारा. मो. वि. एवढंच. कुणी तो पत्ता मागायला आला की वही बघून त्याला मोठ्या सरांच्या खोलीत पिटाळायच्या. सर आजारी पडले तेव्हा त्यांनी बाईंना बसवून एकेक कारण सांगितलं होतं, आणि त्यानंतर बाई स्वतःच सांगत.

यादीतले जे एक्केचाळीस पत्ते डोळ्यांत तेल घालून वापरायचे, नेमके तेवढेच हिरव्या चौकटीत विश्वसनीय होऊन बसले होते. बाईंना हसू यायला हवं होतं. एरवी आलंही असतं. पण कानात ते वाक्य राहिलं होतं, स्वतंत्र निकष लावून तपासली आहे. नाव चोरलं ते एक वेळ विसरण्यातही जमा धरता आलं असतं. हे वाक्य विसरून कसं बोललं जातं?

बाहेर चहाचं टेबल मांडलेलं होतं. बाई त्याला वळसा घालून जिन्याकडे निघाल्या, तोवर मागून हाक आली.

“ताई! ताई, दोन मिनिटं.”

सरांनी त्यांना व्हरांड्याच्या टोकाला, नोटीस बोर्डाच्या आडोशाला नेलं.

“ते नावाचं... ताई, रागावू नका. अनुदान देणाऱ्या समितीच्या अर्जाचा नमुनाच तसा आहे. संशोधकांचीच नावं चालतात. मी आभारात घातलंय. ग्रंथालयीन कर्मचारी म्हणून.”

“ग्रंथालयात कर्मचारी किती आहेत?”

“म्हणजे... एक.”

“मग एवढ्या एकाचं नाव लिहायला शाई कमी पडली?”

“ताई, सगळ्यांना माहितीच आहे हो. तुमच्याशिवाय हे झालंच नसतं, हे कोण नाकारतंय?”

“तू,” बाई म्हणाल्या. तेरा वर्षांनी तोंडातून ‘तू’ गेलं आणि दोघांनाही ते ऐकू आलं. “आत्ता त्या बाईंनी विचारलं, कुणी तपासलं. एक शब्द तुझ्या तोंडात होता. मी मागच्या रांगेत होते, लांब नव्हते.”

सर खाली बघत राहिले. बुटाच्या टोकाने फरशीवरचा काहीतरी नसलेला कचरा त्यांनी सरकवला. बाईंना क्षणभर तो मोठ्या शर्टातला मुलगा दिसला, आणि वाटलं, आता हा बोलेल, चुकलो म्हणेल, आणि आपण लगेच विरघळू. ते विरघळणं त्यांना आतून आधीच सुरू झालेलं कळलं.

सरांनी मान वर केली. “ताई, एक विचारायचं होतं. मो. वि. म्हणजे काय?”

ह्याच्यासाठी बोलावलं होतं तर.

“तुला काय वाटलं?”

“मला वाटलं, तुम्ही चांगल्या पत्त्यांवर खूण केलीय. सगळे फुकटही होते. मोफत, विश्वसनीय. बरोबर बसत होतं.”

“विचारायचंस.”

“वेळ नव्हता ताई. आणि समितीसमोर सारखं तुम्हाला विचारायला जाणं म्हणजे...” वाक्य त्यांनी तिथेच टाकलं. “सांगा ना. काय आहे ते?”

“मोठ्यांना विचारा,” बाई म्हणाल्या.

सरांचा चेहरा लाल झाला. “ही चेष्टेची वेळ आहे का? मोठे सर जाऊन सहा वर्षं झाली. मला टोमणे मारायचेत तर खुशाल मारा, पण पाहुण्या संध्याकाळी परत विचारणार आहेत. मी काय सांगू त्यांना?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत कुणी काही विचारलं आणि बाईंनी अर्धवट सांगून सोडलं, असं झालेलं नव्हतं. उत्तर तर त्यांनी दिलं होतं, सरळ, दोन अक्षरं फोडून. ते उत्तर आहे हे समजायला समोरच्याने मोठ्या सरांच्या खोलीबाहेर कधीतरी बाईंबरोबर उभं राहायला हवं होतं.

“मी सांगितलंय,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

घरी नवरा दाराच्या कडीला तेल घालत होता. तो पोस्टात पत्रांच्या छाननीला होता, आता निवृत्त. आमच्या घरात दोघंही पत्तेवाले, हा त्याचा विनोद शेजाऱ्यांना तोंडपाठ होता. “काय मग, माझी ओळ म्हटलीस का?” त्याने वर न बघताच विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून वर पाहिलं. मग तेलाची बुधली बाजूला ठेवली.

बाईंनी सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं नाही, पाणी प्यायला उठल्या तेव्हा आलं.

“जाऊ दे गं,” नवरा म्हणाला. “पत्र पोचलं की झालं. पोस्टमनचं नाव कोण विचारतं?”

“अहो, पण पत्रावर कुणी पोस्टमनची सही खोडून स्वतःची मारत नाही!”

“पोस्टमन सही करत नाही पत्रावर.”

“तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते. उगाच शब्दात पकडू नका.” बाईंनी पेला ओट्यावर आपटला. “मी त्याला भाऊ समजत होते. त्याला अडलेलं मला रात्रंदिवस दिसायचं. त्याच्यासाठी अकरा पत्रं लिहिली मी, हात जोडून, अनोळखी बाईला. आणि आज त्याला वाटतं की ताईला विचारणं म्हणजे कमीपणा. नाव नसेना का पण त्याने मला विचारलंसुद्धा नाही हो!”

नवऱ्याने तेलाचे हात पुसले. मग म्हणाला, “तक्रार कर. मी लिहून देतो. माझं अक्षर चांगलं आहे.”

“आणि काय लिहाल? की ह्या बाईंचं जे चोरीला गेलं, ते एकवीस वर्षं दुसऱ्यांचेच पत्ते होते?”

“मग एक कर,” नवरा म्हणाला. “काहीच करू नकोस. त्या एक्केचाळीस चुका त्याच्याच गळ्यात राहू देत. आज एकीने विचारलं, उद्या दहा विचारतील. आपोआप उघडा पडेल. तू नुसती बघत बस.”

हा सल्ला बाईंना आवडला. इतका आवडला की त्याची त्यांना थोडी भीती वाटली. शनिवार-रविवार त्या मनातल्या मनात तेच बघत बसल्या. भर सभागृह, सरांच्या कपाळावर घाम, आणि कुणीतरी विचारतंय, हे नक्की कुणाचं काम?

सोमवारी सकाळी टेबलावर एक पत्र होतं. ग्रंथालयाची खोली पुढच्या महिन्यापासून बैठकीसाठी, पुस्तकं मध्यवर्ती इमारतीत, आणि बाई परीक्षा विभागात. खाली धाकट्या सरांची सही. तारीख बघितली तर कार्यक्रमाच्या आठ दिवस आधीची होती. म्हणजे पुढच्या रांगेत चिठ्ठ्या लावायच्या आधीच हे ठरलेलं होतं, आणि त्या आठ दिवसांत तो दोनदा येऊन चहा पिऊन गेला होता. बाईंनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. दारं ठोठावायची म्हणून जुनं पान उघडलं, तर ते उघडून सरळ निळ्या अक्षरांवर गेलं. एकवीस वर्षांची फळी भिंतीतून काढून नेली होती आणि भिंतीला ओरखडाही नव्हता.

साडेदहाला गाठीवाली आली. ही गाठींच्या गणितावर काम करणारी संशोधिका, तिशीची, कायम घाईत, कायम एक कानातलं विसरलेलं.

“बाई, तुमची नवी यादी काय भारी झालीय! तो जुना गाठींचा तक्ता होता ना, मी घाबरून वापरत नव्हते? तो चक्क विश्वसनीय निघाला. मी शनिवारी-रविवारी बसून सगळं त्याच्यावर बांधलं. लेख झालासुद्धा. उद्या पाठवते.”

तुमची नवी यादी, असं ती म्हणाली. बाईंनी आधी तेवढंच ऐकलं. मग त्यांना बाकीचं ऐकू आलं.

गप्प बसायचं इतकंच होतं. लेख जाईल, कुणीतरी तज्ज्ञ तो वाचेल, पहिल्याच पानावर हसेल, परत पाठवेल. मुलगी यादीकडे बोट दाखवेल आणि यादीवर कुणाचं नाव आहे ते सगळ्यांना वाचता येतं. दोन दिवस ज्याची वाट बघितली ते आयतं दारात चालत आलं होतं.

“बस,” बाई म्हणाल्या.

“वर्ग आहे बाई, पाच मिनिटांत.”

“बुडव. बस खाली.” त्यांनी वही काढली. “त्या तक्त्यात एकच गाठ दोन ठिकाणी आहे, दोन नावांनी. उलटीसुलटी काढलीय म्हणून वेगळी वाटते. आणि सातव्या पानावर दोन ओळींची अदलाबदल झालीय. बाकी तक्ता सोन्यासारखा आहे. मोठ्या सरांनी सांगितलेलं आहे, तारीख आहे माझ्याकडे.”

गाठीवालीने वही ओढून घेतली. वाचता वाचता ती पांढरी पडली. “माझं तिसरं प्रमेय गेलं,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “बाई, पण यादीत विश्वसनीय का लिहिलंय?”

“खूण वाचण्यात चूक झाली.”

“कुणाची?”

“ज्याने विचारलं नाही त्याची.”

मुलीने वही मिटून परत दिली. तिला किती कळलं कुणास ठाऊक. गणितवाल्यांना अवघड गोष्टी लवकर कळतात आणि सोप्या उशिरा. “असे अजून किती आहेत?” तिने विचारलं.

“एक्केचाळीस. तुझा धरून.”

“बापरे. कुणीतरी सांगायला पाहिजे त्यांना.”

ती वर्गाला पळाली. बाई वही समोर घेऊन बसल्या. सरांच्या खोलीत जायचं, कागद ठेवायचा, पाच मिनिटांचं काम. सर ‘ताई, तुम्ही देवमाणूस’ म्हणतील, दोन तासांत हिरव्या चौकटी पुसतील, आणि पाहुण्यांना कळवतील की आम्ही पुन्हा स्वतंत्र निकष लावले. नाही. तिथे आता पाय ठेवायचा नाही. पण एकशे बाराव्या नोंदीवर विसंबून कुणीतरी कुठेतरी आज सकाळीही दोन महिने वाया घालवायला बसलेलं असेल, आणि त्या माणसाने बाईंचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं.

निळ्या पानाच्या तळाशी एक बारीक शब्द होता, ‘चूक कळवा’. बाईंनी तो दाबला. फॉर्म उघडला. नोंद क्रमांक. चूक काय आहे. योग्य माहिती. आधार. बाईंनी एकशे बारा लिहिलं, कोष्टकातल्या तीन चुकलेल्या जागा लिहिल्या, आधारापुढे मोठ्या सरांचं नाव आणि त्यांनी सांगितलं तो दिवस लिहिला. ‘कोष्टकं बाकी उत्तम आहेत, करणाऱ्याने कष्ट घेतले आहेत,’ हेही लिहिलं, कारण ते खरं होतं.

शेवटचा रकाना होता, ‘आपण’. हाताने लिहायचा नव्हता, चारांतून एक निवडायचं होतं. प्राध्यापक. संशोधक. विद्यार्थी. इतर. बाईंनी चारही वाचले. पाचवा खाली कुठे दडला असेल म्हणून यादी खाली ओढून पाहिली. ती ओढली गेली नाही.

त्यांनी ‘इतर’ निवडलं आणि पाठवलं. ‘आपल्या सूचनेबद्दल आभार. संपादक योग्य तो विचार करतील,’ असं आलं. बाईंनी वहीत एकशे बाराच्या पुढे टिंब दिलं आणि पुढचा फॉर्म उघडला. दुसरा, तिसरा, चौथा. दरवेळी शेवटच्या रकान्याशी हात थोडा थांबायचा. सहाव्या फॉर्मपासून कॉम्प्युटरने ओळखलं, आणि ‘आपण’पुढे ‘इतर’ आपणहून भरून येऊ लागलं. बाई फक्त ते आहे ना तेवढं बघत, आणि पाठवत. अजून पस्तीस राहिले होते.